मुंजा, हडळ, लावसट: भुतांच्या यादीत नाव कोणाचं लागतं?

 आज विषय भुतांचा आहे. घाबरू नका, दार करकरणार नाही, मध्येच कोणी किंचाळणार नाही. रात्री एकटे ऐकत असाल तरी चालेल. भूत असतं की नसतं हा वाद आज आपण बाजूला ठेवू. माझं मत विचाराल तर नसतं. पण भुताची गोष्ट असते, ती शंभर-दीडशे वर्षं टिकते, आणि कोणीतरी ती लिहूनही ठेवलेली असते. म्हणून माझा आजचा प्रश्न वेगळा आहे. गावात एवढी माणसं मरतात, त्यातली भूत म्हणून नेमकी कोण उरतात?

मी मूळचा नेरचा. यवतमाळ जिल्हा. अमरावतीहून यवतमाळला एसटीनं निघालात की वाटेत लागतं. जुनी माणसं अजून नेर परसोपंत म्हणतात. बी.टेक. करून आता पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. २०२४ मध्ये ‘मुंज्या’ पिक्चर आला तेव्हा ऑफिसातल्या मित्रांनी मला विचारलं, “अरे, मुंजा म्हणजे एक्झॅक्टली काय?” मी सांगायला लागलो, आणि सांगता सांगता लक्षात आलं की या ‘एक्झॅक्टली’ला खरंच उत्तर आहे. मराठी भुतं मोघम नाहीत. प्रत्येकाची व्याख्या ठरलेली आहे. मग सवयीप्रमाणे मी एक तक्ता केला. रकाने पाच: नाव, जिवंतपणी कोण होता, मेला कसा, राहतो कुठे, मागतो काय.

आता तक्ता ऐका. गावोगावी नावं आणि तपशील थोडे बदलतात, पण सांगाडा हाच.

मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला ब्राह्मणाचा मुलगा. राहतो पिंपळावर. वीर म्हणजे लग्नाआधी गेलेला क्षत्रिय. देवचार म्हणजे लग्न झाल्यावर गेलेला शूद्र. झोटिंग म्हणजे खारवी नाहीतर कोळी. समंध म्हणजे ज्याच्या मागे क्रियाकर्म करायला कोणी नाही, किंवा ज्याचा जीव पैशात अडकला तो. गिऱ्हा म्हणजे पाण्यात बुडून मेलेला किंवा ज्याचा खून झाला तो.

आता बायका बघा. जखीण म्हणजे नवरा जिवंत असताना गेलेली. हडळ म्हणजे बाळंतपणात किंवा बाळंतपणाच्या दहा दिवसांत गेलेली. लावसट म्हणजे विधवा. ती स्मशानात राहते आणि प्रेतं खाते, असं सांगतात.

दुसऱ्या रकान्याकडे नीट बघितलं की पोटात गोळा येतो. पुरुष मेला तर त्याची जात विचारली जाते. बाई मेली तर तिचा नवरा होता का आणि ती बाळंतीण होती का, एवढंच विचारलं जातं. जिवंतपणी गावानं ज्या खणात माणसाला बसवलं, मेल्यावरही त्याच खणात ठेवलं. जातीचा दाखला पिंपळावरसुद्धा लागतो, भावांनो!

ही यादी आपल्याला मिळाली कशी, तीही एक गोष्टच आहे. ए. एम. टी. जॅक्सन हा इंग्रज अधिकारी मुंबई इलाख्यात होता. संस्कृतचा अभ्यासक, लोक त्याला ‘पंडित जॅक्सन’ म्हणायचे. त्यानं एक प्रश्नावली तयार केली आणि ती गावोगावच्या शाळामास्तरांकडे गेली. तुमच्याकडे कोणती भुतं मानतात? ती कुठे राहतात? ती लागली तर लोक काय करतात? आजच्या भाषेत म्हणायचं तर गूगल फॉर्म, फक्त पोस्टानं. मास्तरांनी आपापल्या गावात विचारपूस करून उत्तरं लिहून पाठवली.

पुढे जॅक्सन नाशिकचा कलेक्टर झाला. २१ डिसेंबर १९०९ ला त्याच्या निरोपासाठी विजयानंद थिएटरमध्ये ‘संगीत शारदा’चा प्रयोग ठेवला होता. तिथे अनंत कान्हेरेनं त्याच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात हे प्रकरण आपण वाचलेलं असतं. पण जॅक्सनच्या मागे मास्तरांच्या उत्तरांचे कागद राहिले होते, हे फारसं कोणी सांगत नाही. आर. ई. एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्यानं ते कागद लावले आणि गुजरातचा भाग १९१४ मध्ये, कोकणचा १९१५ मध्ये छापला. मघाशी वाचलेली यादी बहुतेक त्या कोकणच्या भागातली आहे.

मग आपल्या वऱ्हाडाचं काय? वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. त्यामुळे आपल्या भागातल्या चालीरीती सापडतात आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ मधल्या चार खंडांत. एकेका जातीचं वर्णन करताना ते मरणाच्या रीती सांगतात, आणि अकाली मेलेला माणूस परत येऊ नये म्हणून लोक काय करतात, हेही मध्ये मध्ये येतं. पुस्तक छापून आलं तेव्हा रसेल हयात नव्हता. ३० डिसेंबर १९१५ ला ‘पर्शिया’ नावाची बोट पाणबुडीच्या हल्ल्यात भूमध्य समुद्रात बुडाली, त्यात तो गेला. म्हणजे बघा, भुतांची नोंद करणाऱ्या दोघांनाही त्यांच्याच यादीप्रमाणे गिऱ्हा व्हायला हवं होतं. पण साहेबाचं भूत झाल्याची गोष्ट काही कोणी सांगत नाही. यादीत नाव लागायलाही गावाशी काहीतरी देणंघेणं असावं लागतं.

कोकणच्या त्या भागात एक रीत नोंदवलेली आहे, ती माझ्या डोक्यातून जात नाही. बाळंतीण मेली की तिला नेताना वाटेवर राळ्याचे दाणे टाकत जायचे. राळा म्हणजे ते बारीक भरडधान्य, मोहरीएवढं. का टाकायचे? तर ती हडळ व्हायची असेल तर तिला एका रात्रीत ते सगळे दाणे वेचावे लागतात. दाणे बारीक, रात्र अंधारी. वेचून होत नाहीत, उजाडतं, आणि ती परत येऊ शकत नाही.

जरा विचार करा. जिनं आयुष्यभर धान्य निवडलं, पाखडलं, दळलं, तिला मेल्यावरही कामच दिलं. बाळ घरात असेल, रडत असेल, आणि तिला वाटेवरचे दाणे वेचत बसायचं. या रीतीत भीती आहेच, पण त्याखाली मला दुसरंही काही दिसतं. गावाला कळत होतं की या बाईला परत यावंसं वाटेल. तिच्याकडे परत यायला कारण होतं.

हडळीच्या गोष्टी आता कमी ऐकू येतात. माझ्या मते त्याचं मोठं श्रेय दवाखान्याला आहे, नर्सबाईला आहे, आशाताईला आहे. २०१८ ते २०च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातलं मातामृत्यूचं प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं. देशाचं होतं ९७. कोणी मंत्र म्हणून हडळ घालवली नाही. ती मरायची बंद झाली म्हणून यायची बंद झाली.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. इंग्लंडला लागून वेल्स नावाचा देश आहे. तिथे डोंगरांच्या मधल्या खोऱ्यांत कोळशाच्या खाणी होत्या. तिथल्या लोककथेत खाणीत आतून ठोकल्याचे आवाज करणारे बुटके आहेत. रात्री रस्त्यानं आपोआप सरकत जाणारी ज्योतही आहे. ती ज्या वाटेनं गेली त्या वाटेनं लवकरच प्रेतयात्रा जाणार, असं मानायचे. यातल्या एका खोऱ्यात, सेंघेनिथ गावच्या खाणीत, १४ ऑक्टोबर १९१३ ला स्फोट झाला आणि ४३९ कामगार गेले. इतकी मरणं जमिनीच्या पोटात बघितलेल्या लोकांना जमिनीखालून ठोकल्याचा आवाज येणारच ना! कोकणात नदी, खाडी, समुद्र, म्हणून तिथे बुडालेल्यांची भुतं. त्यांच्याकडे खाण, आपल्याकडे वावर. जिथे जसं मरण, तिथे तशी भुतं.

वावरातलं भूत म्हणजे चकवा. हे जरा वेगळं प्रकरण आहे. याला चेहरा नाही. रात्री वावरातून घरी निघालेला माणूस चालतो, चालतो आणि फिरून त्याच बांधावर येतो. आमची आजी सांगायची, “चकवा लागला तं पाय हालवू नोको. बस तिथंच. उजाडू दे, मंग ये.”

२००९ मध्ये जर्मनीतल्या मॅक्स प्लँक संस्थेतल्या यान झाउमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं. लोकांना जीपीएस लावून जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ चालले. ढग आले, चंद्र मावळला, की वळायला लागले, आणि आपण वळतोय हे त्यांना कळलंच नाही. डोळे बांधले तेव्हा तर काही जण २० मीटरच्या आतल्या गोलात फिरत राहिले. म्हणजे आजीचा सल्ला शंभर टक्के बरोबर होता. नाव चकवा दिलं म्हणून तो चुकीचा ठरत नाही. भुताच्या गोष्टीत अशी कामाची माहिती दडलेली असते. विहिरीच्या काठावर आसरा बसतात असं पोरांना सांगितलं की पोरं विहिरीकडे एकटी जात नाहीत. रात्री चिंचेखाली जाऊ नको म्हटलं की पोरगं अंधारात साप-विंचवावर पाय द्यायचं वाचतं.

आणि माणूस रात्री वावरात जातो तो काही हौसेनं नाही. रब्बीत कृषिपंपाची लाईन रात्रीची असली की हरभऱ्याला, गव्हाला ओलित करायला रात्रीच जावं लागतं. रानडुकरं आणि रोही पीक खातात, म्हणून जागलीला जावं लागतं. दिवसा लाईन द्या, ही मागणी म्हणूनच आहे. चकव्यावरचा सगळ्यात चांगला उतारा महावितरणकडे आहे, असं मी गमतीनं म्हणतो. पण गंमत त्यात थोडीच आहे.

आता तक्त्यातला शेवटचा रकाना. मागतो काय?

भूत लागलेल्या माणसासमोर भगत किंवा मांत्रिक बसतो तेव्हा पहिल्यांदा काय करतो? मुलाखत घेतो. “कोन हायेस तू? कुठला? काहून धरलं इले? काय पायजे तुले?” आणि समोरचं माणूस उत्तर देतं. एरवी पदर डोक्यावरून ढळू न देणारी सून सासऱ्याला अरे-तुरे करते. मटण मागते, नवी साडी मागते, माहेरी पाठवा म्हणते. सगळं घर हात जोडून ऐकतं. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ आय. एम. लुईस यानं १९७१ मध्ये एक पुस्तक लिहिलं. जगभरच्या समाजांची उदाहरणं घेऊन त्यानं दाखवलं की ज्यांना घरात-गावात आवाज नसतो, त्यांच्या अंगात येण्याचं प्रमाण जास्त दिसतं. त्या निमित्तानं त्यांना मागता येतं, आणि दोष भुतावर जातो.

मला हे फार खरं वाटतं. “तुला काय पाहिजे?” हा प्रश्न त्या सुनेला लग्न झाल्यापासून कोणी विचारलेला नसतो. पहिल्यांदा विचारतो तो मांत्रिक, आणि तोही तिला नाही, तिच्यातल्या भुताला विचारतो.

आणि ही मुलाखत फुकट होत नाही. नुसतं लिंबू-नारळावर भागलं तर नशीब. झिंज्या धरून ओढतात, मारतात, मिरच्यांची धुरी देतात, साखळीनं बांधून ठेवतात. कुठे एखाद्या म्हातारीवर करणीचा आळ घेऊन तिला गावातून हाकलतात. गोष्टीतलं भूत कोणाला मारत नाही, पण भूत काढणारा मारू शकतो. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे गाडगेबाबा हातात खराटा घेऊन आयुष्यभर याच्याविरुद्ध बोलत फिरले. त्यांचं कीर्तन म्हणजे लोकांना उलटे प्रश्न विचारणं. बळी कशाला देता, नवस कशाला करता, पोरगं शाळेत का घालत नाही? उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे.

कायदा यायला मात्र २०१३ उजाडलं. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झटत होते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. हा कायदा भुताची गोष्ट सांगायला बंदी करत नाही, देवाला जायलाही नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणं, बांधणं, चटके देणं हा गुन्हा आहे. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र मारत बसणं हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. रात्री वावरात कोणाला साप चावला तर १०८ ला फोन लावायचा आणि दवाखाना गाठायचा. एवढं एक वाक्य या एपिसोडमधून घरी पोचवलंत तरी पुरे.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा एपिसोड केला, तिकडे येतो. जुना नियम काय होता? अकाली मेला, इच्छा राहिली, कोणी ऐकलं नाही, तर भूत होतं. हा नियम आज यवतमाळ जिल्ह्याला लावून बघा. शेतकरी आत्महत्यांमुळे आपला जिल्हा देशभर माहीत झाला. २००१ पासून सरकार त्यांची नोंद ठेवतंय. जुन्या हिशोबानं इथे बांधाबांधावर भूत असायला हवं. पण अशी गोष्ट मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेली नाही. ज्या पारावर मुंजाच्या गप्पा होतात, त्याच पारावर या माणसांचा विषय निघाला की सगळे गप्प होतात. कारण ती गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची नाही, पलीकडच्या घरातली आहे.

त्यांची नोंद होते ती तहसीलच्या फाइलमध्ये. तिथेही रकाने आहेत. सातबारा घरातल्या कोणाच्या तरी नावावर हवा. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवाना असलेल्या सावकाराचं हवं. ते थकलेलं हवं. मग शेरा पडतो: पात्र किंवा अपात्र. पात्र ठरलं तर १ लाख रुपये, त्यातले ३० हजार हाती आणि ७० हजार ठेव म्हणून. मक्त्यानं दुसऱ्याचं वावर वाहणारा, बिनपरवान्याच्या सावकाराकडून पैसे घेतलेला, तो या रकान्यांत बसत नाही. मुंजा की वीर हे ठरवणाऱ्या जुन्या यादीत आणि या फाइलमध्ये फार फरक आहे असं मला वाटत नाही. दोन्हीकडे माणूस गेल्यावरच चौकशी सुरू होते.

आणि मागे राहिलेली बाई? जुन्या यादीनं तिच्यासाठी नाव ठेवलं होतं: लावसट. प्रेत खाणारी. जिवंत विधवेला हळदी-कुंकवाला न बोलावणं, लग्नात मागे उभं करणं, हे त्याच नावाचं चालू रूप आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला की कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद. नंतर सरकारनं सगळ्या गावांना तसं करायला सांगितलं. एका गावानं आपल्या यादीतून एक रकाना खोडला, असं मी त्याकडे बघतो.

त्याच्याही आधी, ११ जानेवारी २०१९ ला, आपल्या यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, ९२ वं. उद्घाटक म्हणून लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण रद्द झालं, त्यावरून मोठा वाद पेटला. शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या त्या पत्नी, आपल्याच जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या. विदर्भातल्या अशा बायांना घेऊन केलेल्या ‘तेरवं’ नावाच्या नाटकात त्यांनी काम केलं होतं. तेरवं म्हणजे आपल्याकडे तेराव्या दिवसाचा विधी, मेलेल्या माणसासाठीचा. त्या दिवशी मात्र देशभरातून आलेले साहित्यिक समोर बसले होते, आणि एक जिवंत बाई माईकवर आपलं म्हणणं सांगत होती. अंगात कोणी आलं नव्हतं. जे बोलत होती, ते तिचं तीच बोलत होती.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. घरी आजी-आजोबा असतील तर गावातल्या एखाद्या भुताची गोष्ट विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. घाबरायला लावणारा भाग तर ऐकाच, पण दुसरा रकाना विसरू नका. ते भूत व्हायच्या आधी कोण होतं, आणि त्याला काय पाहिजे होतं?

आणि हाच प्रश्न घरातल्या, शेजारच्या, होस्टेलच्या रूममधल्या एखाद्या गप्प-गप्प राहणाऱ्या जिवंत माणसालाही विचारा. काय पाहिजे तुला? उत्तर पेलण्याबाहेरचं वाटलं, किंवा तुमचंच मन जड असेल, तर टेली-मानसचा नंबर आहे १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असतो, आणि मराठीत बोलता येतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि रात्री वावरात जाणार असाल तर बॅटरी आणि बूट विसरू नका.